सजलेले मेज, राखलेली जागा

आगमनकाळाचा तिसरा रविवार उलटला, की आपल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास डोके वर काढतो : यंदा नाताळच्या जेवणाचे मेज कसे सजवावे? नियतकालिकांच्या नाताळ अंकांतून या प्रश्नाला उत्तर देणारी पाने असतात. चादरीचा रंग कोणता असावा, मेणबत्त्या किती लावाव्यात, रुमालांच्या घड्या कशा घालाव्यात, मधोमध फुले ठेवावीत की फळे, याचे मार्गदर्शन त्यांत असते. त्या पानांविषयी आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की या सजावटीकडे समीक्षकाच्या नजरेने कुणी पाहत नाही. कवितेचे परीक्षण होते, नाटकाचे होते, नाताळ गोठ्यांच्या देखाव्यांना तर बक्षिसेही दिली जातात. मात्र घरातल्या एका बाईने दोन दिवस खपून रचलेल्या मेजाला ‘छान झाले हो’ यापलीकडे अभिप्राय मिळत नाही. वास्तविक मेज ही एक रचनाच असते. तिला चौकट असते, रंग असतो, केंद्र असते. काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा विवेक तिच्यात असतो. आणि इतर कोणत्याही रचनेप्रमाणे तीही काही सांगत असते. ती काय सांगते आणि जे सांगते ते खरे असते का, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

त्यासाठी मापदंड हवा. तो आम्ही सजावटीच्या पुस्तकांतून न घेता ज्या लेखकांनी व चित्रकारांनी सणाचे मेज डोळ्यांत तेल घालून पाहिले त्यांच्याकडून घेणार आहोत. परंतु त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेज सजवणे हे साहेबी थाटाचे खूळ आहे, आपल्या मातीत त्याला आधार नाही, असे काही जण म्हणतात. ज्यांनी मराठी घरातली सणाची पंगत पाहिली आहे त्यांना हे पटणार नाही. पाट मांडलेला, पानाभोवती रांगोळीची महिरप काढलेली, उदबत्तीचा वास दरवळतो आहे, आणि पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे व भाजी उजवीकडे, हा क्रम कुणी मोडत नाही. अन्नाभोवती सौंदर्य रचण्याची हौस आपल्याला पोर्तुगीजांनी शिकवली नाही. त्यांनी फार तर आपल्याला जमिनीवरून खुर्चीवर बसवले. ‘मेज’ हा शब्दसुद्धा मराठीने फारसीकडून घेतला आहे.

मात्र या पंगतीनेच मराठीला आणखी एक शब्द दिला : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना दुजाभाव करणे, जवळच्याच्या पानात तुपाची धार आणि लांबच्याच्या पानात नुसता वास, याला आपल्या पूर्वजांनी नाव ठेवले आणि दोष मानले. आणि पंगतीतला हा दुजाभाव दोष ठरवणाऱ्या समाजाने किती जणांना पंगतीत बसूच दिले नाही, हेही विसरता येणार नाही. रांगोळी कितीही रेखीव असली तरी तिने हा दोष झाकला जात नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात नेमकी हीच कानउघाडणी केली आहे. प्रभूच्या नावाने एकत्र जमता आणि एक जण पोटभर खातो, दुसरा उपाशी राहतो, हे कसले प्रभुभोजन, असा त्याचा सवाल आहे. करिंथ येथील भांडी मातीची होती की रुप्याची, याची तो चौकशी करीत नाही. तेव्हा मापदंडाची पहिली खूण आपल्याला घरातच सापडली. मेज कसे सजवले यासोबत ते कुणासाठी सजवले आणि त्याच्याभोवती जागा कशी वाटली, हेही पाहावे लागेल.

आता साहित्याकडे वळू. नाताळच्या मेजाचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या १८४३ सालच्या कथेत आहे. बॉब क्रॅचिट हा आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवणारा कारकून. घरात बायको आणि सहा मुले. त्या घरची सजावट डिकन्स मोठ्या बारकाईने नोंदवतो. क्रॅचिटबाईंचा झगा दोनदा उलटवून शिवलेला आहे, पण त्याला स्वस्तातल्या फिती लावलेल्या आहेत. चादर अंथरायला मुलगी हाताशी आहे. कुटुंबाच्या मालकीची काचेची भांडी किती, तर दोन पेले आणि कान तुटलेला एक कप. हे सारे वैभव जेवणानंतर मांडले जाते आणि त्यातून गरम पेय ओतले जाते, तेव्हा सोन्याच्या चषकांनी यापेक्षा अधिक काय केले असते, असे लेखक सुचवतो. पुडिंगच्या माथ्यावर हॉलीची एक डहाळी खोवलेली आहे. पुडिंग एवढ्या मोठ्या कुटुंबाला अपुरे आहे, हे सगळ्यांना दिसते आणि कुणीही बोलत नाही.

या वर्णनात आम्हांला दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. पहिली ही, की मेजाभोवती खुर्च्या मांडण्याचे काम डिकन्सने घरातल्या दोन सर्वांत लहान मुलांना दिले आहे. ती सगळ्यांसाठी खुर्च्या लावतात, आणि स्वतःला विसरत नाहीत. दुसरी ही, की पंगू टिमला मेजाचा एक कोपरा मिळतो, तोही बापाच्या अगदी शेजारचा. कुबडी घेऊन चालणारे ते मूल सणाच्या देखाव्यात अडचणीचे आहे, म्हणून त्याला आत ठेवलेले नाही. पुढे नाताळचा आत्मा स्क्रूजला बजावतो, की हे असेच चालू राहिले तर त्या घरात एक आसन रिकामे पडेल आणि एक कुबडी धन्यावाचून राहील. साऱ्या कथेचा गाभा त्या एका आसनात आहे. स्क्रूजचे परिवर्तन होते ते श्रीमंत मेज पाहून नव्हे. गरीब मेजाभोवतीची एक जागा रिकामी होणार, या भीतीने होते.

डिकन्सने श्रीमंत रासही दाखवली आहे. तोच आत्मा प्रथम प्रकटतो तेव्हा टर्की, बदके, फळे, केक यांच्या सिंहासनासारख्या ढिगावर बसलेला असतो. पण शेवटी त्याच्या झग्याच्या घोळाखालून दोन खंगलेली मुले बाहेर पडतात : एक अज्ञान, दुसरे दारिद्र्य. समृद्धीच्या वस्त्राखाली काय दडले आहे ते पाहिल्याशिवाय सणाचे वर्णन पुरे होत नाही, अशी डिकन्सची धारणा होती. त्याच्या भावविवशतेला आज नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. या एका बाबतीत मात्र तो आपल्या सजावटीच्या पानांपेक्षा अधिक वास्तववादी आहे.

दुसरे मेज एका कॅथलिक शहरातले, डब्लिनचे. जेम्स जॉइसच्या १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डब्लिनर्स’ या संग्रहातली शेवटची कथा ‘द डेड’. नाताळच्या दिवसांतच मॉर्कन भगिनी, म्हणजे दोन वृद्ध मावश्या, दरवर्षी मेजवानी देतात. जॉइसने त्या मेजाची रचना एखाद्या युद्धभूमीच्या नकाशासारखी लिहिली आहे. एका टोकाला भाजलेले हंसपक्ष्याचे मांस, दुसऱ्या टोकाला कागदी झालर बांधलेले हॅम, मध्ये समांतर रांगांत लहान पदार्थ, संत्र्यांचा व सफरचंदांचा मनोरा, त्याच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांसारख्या जुन्या काचेच्या सुरया, आणि पियानोवर गणवेशातल्या सैनिकांसारख्या बाटल्यांच्या तुकड्या. वर्णन देखणे आहे. पण त्यातला लष्करी शब्दसंग्रह सहज आलेला नाही. हे मेज शिस्तीत उभे आहे. कशापासून तरी ते बचाव करीत आहे.

कशापासून, ते हळूहळू कळते. जिच्याशी नायक गेब्रिएलची वादावादी झाली ती मिस आयव्हर्स जेवणाआधीच निघून जाते. दोघी म्हाताऱ्या मावश्या पाहुण्यांच्या मागे धावपळ करीत असतात. त्यांना बसण्याचा आग्रह करावा लागतो. आणि जो कुणालाच आठवत नाही असा एक सतरा वर्षांचा मृत मुलगा, मायकेल फ्युरी, गेब्रिएलच्या बायकोच्या मनात त्या रात्री जागा होतो. त्याने तिच्यासाठी पावसात उभे राहून प्राण गमावले होते. इतक्या भरगच्च मेजावर त्याच्यासाठी तसूभर जागा नव्हती. आदरातिथ्यावर गेब्रिएलने जे सुंदर भाषण केले ते खोटे नव्हते, अपुरे होते. सजावटीत कसलीही उणीव नसताना मेज अपुरे कसे राहते, हे या कथेइतके स्पष्टपणे दुसऱ्या कुणी दाखवल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

चित्रकलेतील दोन उदाहरणे याच्या जोडीला ठेवू. मिलान येथे सांता मारिया देल्ले ग्राझिए मठाच्या भोजनगृहात लिओनार्दो दा विंचीने १४९५ ते १४९८ च्या सुमारास ‘शेवटचे भोजन’ रंगवले. त्यातले मेज पाहावे. पांढरी चादर, तिच्यावर घडीच्या खुणा अजून उमटलेल्या, कडेला निळे पट्टे. साधी भांडी, पाव, पेले. भोजनगृहात बसून जेवणाऱ्या मठवासीयांना भिंतीवर आपल्यासारखेच मेज दिसत असे. म्हणजे प्रभू कुठल्या राजवाड्यात बसलेला नव्हता. त्यांच्याच भोजनगृहाच्या लांबीत आणखी एक मेज मांडून बसला होता. पुढे १६५२ साली त्याच भिंतीत दार पाडताना ख्रिस्ताचे पाय असलेला भाग कापला गेला. जाण्यायेण्याच्या सोयीपुढे चित्राचे मोल कुणाला वाटले नाही.

दुसरे चित्र व्हेनिसचे. पाओलो व्हेरोनीझेने १५७३ साली तेथील एका डोमिनिकन मठासाठी शेवटच्या भोजनाचे प्रचंड चित्र काढले. त्याची रुंदी जवळजवळ तेरा मीटर भरते. संगमरवरी कमानी, रेशमी वस्त्रे, शिपाई, विदूषक, पोपट, नाकातून रक्त वाहणारा चाकर, असे काय नाही त्यात! धर्मन्यायालयाने त्याला बोलावून विचारले, प्रभूच्या भोजनाला ही मंडळी कशासाठी? त्याच्या उत्तराचा एक भाग असा होता, की चित्रफलक मोठा होता, जागा उरली, म्हणून ती आकृत्यांनी सजवली. न्यायालयाने दुरुस्ती करण्यास सांगितले. व्हेरोनीझेने चित्राचे नाव बदलून ‘लेवीच्या घरची मेजवानी’ असे ठेवले आणि प्रश्न मिटवला. चित्रकाराच्या स्वातंत्र्याच्या बाजूने आमची सहानुभूती आहेच. शिवाय जकातदार लेवीच्या घरी येशूबरोबर नाना तऱ्हेचे लोक बसले होते, हे शुभवर्तमानच सांगते. तेव्हा नवे नाव अगदीच गैरलागू नव्हते. पण जागा उरली म्हणून सजवली, हे उत्तर मात्र विचारात पाडणारे आहे. आपल्या घरांतली पुष्कळशी सजावट याच न्यायाने होते. मेजावर हातभर जागा रिकामी दिसली, की तेथे चकाकणारे काहीतरी आणून ठेवल्याखेरीज आपल्याला चैन पडत नाही.

याच्या अगदी उलट रीत पोलंडमधील कॅथलिक घरांची आहे. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर तेथे ‘विगिलिया’चे भोजन सुरू होते. मेजावर पांढरी चादर, आणि चादरीखाली मूठभर सुके गवत पसरलेले असते, गव्हाणीची आठवण म्हणून. वरून ते दिसत नाही. ताट ठेवताना किंचित उंचसखल लागते, एवढेच. जेवणाआधी ‘ओप्वातेक’ नावाची पातळ पोळी प्रत्येकाने दुसऱ्याच्या हातातून मोडून घ्यायची, क्षमा मागायची, शुभेच्छा द्यायच्या. आणि एक ताट, एक खुर्ची जास्त मांडायची. अवचित कुणी दार ठोठावले तर त्याच्यासाठी. अनेक घरांत वर्षभरात निवर्तलेल्या माणसाच्या स्मरणासाठीही. सजावटीच्या दृष्टीने पाहिले तर ही रचना विलक्षण आहे. तिच्यातली सर्वांत अर्थपूर्ण वस्तू चादरीखाली लपवलेली आहे आणि सर्वांत मानाची जागा रिकामी सोडलेली आहे. व्हेरोनीझेने उरलेली जागा भरली. पोलंडच्या गृहिणीने भरलेल्या मेजावर जागा राखली. उरलेली जागा आणि राखलेली जागा यांतले अंतर, हाच आमच्या मते नाताळच्या मेजाचा मापदंड होय.

येथे एक आक्षेप संभवतो. एवढाच विचार करायचा तर सजावट हवीच कशाला? चादर, फुले, मेणबत्त्या यांचा खर्च वाचवून गरिबांना द्यावा. हा आक्षेप वाटतो तितका निर्मळ नाही, कारण शुभवर्तमानात तो प्रथम कुणाच्या तोंडी आला आहे हे आपण जाणतो. योहानाच्या बाराव्या अध्यायात, बेथानीच्या भोजनप्रसंगी, मारियेने जटामांसीचे मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले आणि घर सुवासाने भरून गेले. तीनशे दिनारांना ते विकता आले असते, असे यहूदा म्हणाला. प्रभूने मारियेची बाजू घेतली. प्रेमाने केलेल्या उधळपट्टीला ख्रिस्ती परंपरेने पाप मानलेले नाही.

याच विषयावरची एक कथा आमच्या वाचकांपैकी अनेकांना चित्रपटरूपाने माहीत असेल. आयझॅक डिनेसन या नावाने लिहिणाऱ्या डॅनिश लेखिकेची ‘बाबेट्स फीस्ट’. गाब्रिएल आक्सेलने १९८७ साली काढलेल्या तिच्या चित्रपटाला परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि पोप फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतित्सिया’ या २०१६ सालच्या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात तिचा आवर्जून उल्लेख केला. मेजवानी नाताळची नव्हे, १५ डिसेंबरची आहे. पण तिचा आत्मा नाताळचाच. पॅरिसहून १८७१ साली जीव घेऊन पळालेली कॅथलिक बाबेट उत्तरेकडच्या एका कडक प्रॉटेस्टंट वस्तीत दोन वृद्ध बहिणींकडे स्वयंपाकीण म्हणून राहते. सोडतीत मिळालेले दहा हजार फ्रँक ती एका जेवणावर खर्च करते. मेजाभोवती बाराजण बसतात. अन्नाची स्तुती करायची नाही अशी शपथ घेऊन आलेल्या त्या माणसांची जुनी भांडणे हळूहळू विरघळतात. एकमेकांना फसवलेले, दुखावलेले लोक परस्परांना क्षमा करतात. चादर, काच, मेणबत्त्या, मद्य, पदार्थांचा क्रम, यांतले काहीच कमी करता आले नसते. ही सजावट देखाव्यासाठी नव्हती. देहाच्या वाटेने मनापर्यंत पोहोचलेली ती क्षमा होती. बाबेटचे दहा हजार फ्रँक आणि मारियेचे तीनशे दिनार एकाच हिशेबात बसतात.

तरीही या कथेकडे पाहताना एक गोष्ट खुपते, आणि लेखिकेला ती खुपावी असेच वाटत असणार. बाबेट त्या मेजावर बसत नाही. सगळे उठून गेल्यावर ती स्वयंपाकघरात खरकट्या भांड्यांच्या गराड्यात थकून बसलेली दिसते. मॉर्कन मावश्याही पाहुण्यांच्या पाठीमागे फिरत राहिल्या. क्रॅचिटबाई पुडिंग बिघडले तर नसेल ना, या धास्तीने एकट्याच आत गेल्या. तीन देश, तीन लेखक, आणि मेज रचणारी बाई तिन्ही ठिकाणी मेजापासून दूर. हे आपल्याकडे निराळे आहे असे कुणी छातीठोकपणे म्हणेल काय? मध्यरात्रीची मिस्सा आटोपून घरी आलेली आई पहाटेपासून चुलीपुढे उभी असते. दुपारी सगळ्यांची जेवणे होईतो ती वाढत राहते आणि मग स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्याने दोन घास खाते. तिच्या हातची चादर, तिने दुमडलेले रुमाल, तिने लावलेल्या मेणबत्त्या मेजावर असतात, ती नसते. ज्या कवितेत कवीलाच बसायला जागा नाही, त्या कवितेचे आम्ही काय परीक्षण करावे?

आता आपल्या मेजांविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहितो. डिसेंबरातही दुपारी पंखा लावावा लागणाऱ्या वसईत किंवा मडगावात मेजावर कापसाचा बर्फ पसरलेला आम्ही पाहतो. हॉलीची प्लॅस्टिकची पाने पाहतो, आणि त्याच वेळी अंगणात पॉइन्सेटिया लालभडक झालेला असतो, शेतात झेंडू व शेवंती बहरलेली असते, पोरसात केळीची पाने डोलत असतात. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढलेल्या आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पवित्र मारियेला साडी नेसवली, तेव्हा त्यांना आपल्याच लोकांचा रोष सोसावा लागला. आज त्यांच्या चित्रांचा आपण अभिमान बाळगतो. मग तोच विचार आपल्या मेजापर्यंत यायला इतका वेळ का लागावा?

अर्थात देशी की परदेशी, हा अंतिम निकष नव्हे. झेंडूच्या माळेतही पंक्तिप्रपंच लपू शकतो, हे वर आलेच आहे. उलट बाहेरून आलेली एखादी वस्तू मायेची असू शकते. आपल्या मेजावर आता रुळलेले आगमनकाळाचे चार मेणबत्त्यांचे कडे योहान हिन्रिख विकर्न या लुथरन धर्मसेवकाने १८३९ साली हॅम्बुर्ग येथील निराधार मुलांच्या आश्रमात सुरू केले. नाताळ कधी येणार, म्हणून मुले रोज विचारीत. त्याने गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर रोजच्यासाठी लहान तांबड्या व चार रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. ज्यांना वाट पाहायला घर नव्हते त्यांच्या प्रतीक्षेला त्याने उजेडाचे मोजमाप दिले. हे ठाऊक असलेल्या घरात ते कडे परके राहत नाही.

आणि खास आपली म्हणावी अशी एक रीत आहे. तिला सजावटीच्या पानांत स्थान मिळत नाही. गोव्यात जिला ‘कोंसुआद’ म्हणतात, आणि वसई–मुंबईकडच्या घरांतही जी नाताळात पाळली जाते, ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फराळाचे ताट पाठवण्याची रीत. दोदोल, बेबिंक, नेवऱ्या, कुलकुल यांनी भरलेले ते ताट क्रोशाच्या रुमालाखाली झाकून हिंदू शेजाऱ्याकडे जाते, जसे त्याचे दिवाळीचे ताट आपल्याकडे आलेले असते. ताट रिकामे परत करू नये म्हणून त्यात चिमूटभर साखर का होईना घातली जाते. आमच्या दृष्टीने हे मेजाचेच एक टोक आहे; घराच्या उंबऱ्याबाहेर गेलेले. आजीने डोळे फोडून विणलेला तो क्रोशाचा रुमाल म्हणजे सजावटीचा उत्तम नमुना. कारण तो ज्या ताटावर पडतो ते दुसऱ्याच्या घरी जायचे असते. अलीकडे हे ताट आकसत चालले आहे. बाजारातून आणलेले बंद खोके दिले जाते, किंवा तेही नाही. दुसरीकडे मेजाची छायाचित्रे मात्र जेवणाआधीच शेकडो लोकांना पोहोचतात. पूर्वी शेजाऱ्याला ताट जात असे, आता ताटाचे चित्र जाते. त्या चित्रासाठी मेजाचा कोपरा नीट दिसावा म्हणून एखादी खुर्ची बाजूला ओढली जाते, हे तर आम्हांला फारच बोलके वाटते.

ती खुर्ची कुणाची? प्रत्येक घराने आपापले उत्तर शोधावे. एखाद्या घरी ती आजीची असते. तिचा हात थरथरतो, पांढऱ्या चादरीवर रस्सा सांडतो, म्हणून तिचे ताट आतल्या खोलीत नेऊन दिले जाते, आणि ते मायेपोटीच केले असे सगळे समजतात. एखाद्या घरी ती धाकट्या भावाची असते. वाटणीच्या वादानंतर त्याला बोलावणे गेलेले नसते. कुठे ती आखातात किंवा बोटीवर नोकरीला असलेल्या मुलाची असते. आजकाल पाण्याच्या जगाला टेकून ठेवलेल्या मोबाइलवर त्याचा चेहरा दिसतो, आणि आमच्या मते मेजावरची ती वस्तू रुप्याच्या मेणबत्तीदानापेक्षा सरस आहे. कुठे ती, चोवीस तारखेला आदल्या दिवसाची आणि सव्वीस तारखेला सणाची भांडी घासायला येणाऱ्या बाईची असते. पंचवीस तारखेला तिने काय खाल्ले हे कुणी विचारलेले नसते. लूकच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीला कुणाला बोलवावे याची यादी प्रभूने दिली आहे. जे परतफेड करू शकत नाहीत, ते. त्या यादीत नातलग आणि श्रीमंत शेजारी नाहीत. आपण ती यादी दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी दुसरीच यादी करतो.

लूकनेच आपल्याला सांगितले आहे, की उतारशाळेत जागा नव्हती म्हणून मारियेने बाळाला गव्हाणीत ठेवले. गव्हाण म्हणजे गुरांचे खाण्याचे पात्र. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी येशूच्या बालपणावरील आपल्या २०१२ सालच्या पुस्तकात संत ऑगस्टीनचा आधार घेऊन या गव्हाणीकडे मेज म्हणून पाहिले आहे : जेथे गुरे आपला चारा खातात तेथे जगासाठी उतरलेली भाकर ठेवली गेली. हा अर्थ मानला, तर नाताळचे पहिले मेज रचले गेले ते इतरत्र जागा नाकारली गेली म्हणून. गोठ्याच्या देखाव्यात आपण ती गव्हाण दरवर्षी हौसेने मांडतो. तिच्यापासून चार पावलांवर जेवणाचे मेज असते. या दोहोंचा परस्परांशी संबंध लावणे, हीच नाताळच्या सजावटीची खरी कसोटी आहे.

म्हणून यंदा मेज अवश्य सजवावे. चांगली चादर काढावी, आजीचा रुमाल पेटीतून बाहेर यावा, मेणबत्त्या लागाव्यात, फुले आपल्या अंगणातली असावीत. चादरीवर डाग पडले तर पडू द्यावेत. लिओनार्दोच्या चादरीवर घडीच्या खुणा आहेत आणि तिने त्या लपवलेल्या नाहीत. स्वयंपाक करणारीने पहिल्या पंगतीत बसावे आणि वाढण्याचे काम एकदा मुलग्यांनी करावे. आणि खुर्च्या मांडण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलांना द्यावे. कोण येणार, कोण यायला हवे होते, कोण आत झोपले आहे, हे ती मोठ्याने विचारतील. त्यांना उत्तर देता येईल असे मेज मांडले गेले, तर आम्ही त्याला उत्तम म्हणू.